निळं पातं कशानं होतं

स्तानिमिराच्या हातून पहिलं निळं पातं झालं तेव्हा तिचं खेळाकडे लक्षच नव्हतं. फोन कान आणि खांद्याच्या मधे दाबून ती बहिणीशी भांडत होती. आईचं शिवणयंत्र कुणी नेलं, कुणाला न विचारता नेलं आणि नेलंच होतं तर त्याची सुयांची डबी इथे कशाला ठेवली, असं ते भांडण. उजवा हात सवयीनं माउसवर होता. स्क्रीनवर तिची लोहारीण भट्टीपुढे उभी होती, लोखंड तापत होतं, आणि "मग ती डबीपण घेऊन जा!" असं स्तानिमिरा ओरडली त्याच क्षणी तिचं बोट बटणावरून सुटलं. पातं पाण्यात गेलं, वाफ झाली आणि वर आलं ते निळं.

त्या खेळाचं नाव 'सात विहिरी'. हजारो माणसं आपापल्या घरी बसून एकाच जगात हिंडायची, डोंगर चढायची, टोळ्या करून एकमेकांवर चालून जायची. स्तानिमिरा लढण्याच्या भानगडीत पडत नसे. बल्गेरियातल्या रुसे शहराच्या ट्रॉलीबसचं वेळापत्रक आखणं हे तिचं काम. तीन वर्षांपूर्वी पाय मोडून ती घरी बसली होती, तेव्हा हा खेळ तिच्या मागे लागला आणि ती त्यात लोहारकी करू लागली. भट्टीत लोखंड आणि कोळसा टाकायचा, बटण दाबून धरायचं, तापाची पट्टी वर चढत जाते, आपल्याला वाटेल तेव्हा बटण सोडायचं. पातं विहिरीच्या पाण्यात पडतं आणि बाहेर येतं ते बहुतेक वेळा साधं, नाहीतर तडकलेलं. बरं निघालं तर नशीब. निळं तर वर्षानुवर्षं खेळणाऱ्यांनीही दुसऱ्याच्याच हातात पाहिलेलं.

ते कशानं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खेळ बनवणाऱ्यांनी कधी सांगितलं नाही, म्हणून लोकांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. कुणी म्हणे खेळातला चंद्र अर्धा असायला हवा. कुणी म्हणे लोहाराचं तोंड उत्तरेला हवं. काही जण लोहाराला नुसत्या लंगोटावर उभा करत, कारण अंगावरच्या चिलखताच्या वजनानं म्हणे हातोडा जड होतो. कोशित्सेचा एक माणूस तर आधी ऐरणीभोवती उड्या मारायचा, आणि त्याचं पाहून निम्मी स्लोव्हाक मंडळी उड्या मारायला लागली होती.

"ताई!" हेडफोनमधून गेन्चोचा आवाज आला. गेन्चो त्यांच्या टोळीचा म्होरक्या, प्लेवेनला लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारा. "ताई, हलू नकोस! हे काय केलंस तू?"

"काही नाही केलं. बहिणीवर ओरडले."

"काय ओरडलीस? नेमकं काय ते सांग."

"अरे, डबी घेऊन जा म्हणाले."

पलीकडून गेन्चो हलक्या आवाजात म्हणाला, "डबी..." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोळीतले चौघे भट्टीपुढे उभे राहून एकमेकांवर ओरडताना दिसले.

तेव्हापासून गेन्चो तिला ताई म्हणेनासा झाला. उस्ताद म्हणू लागला. तिला आवडलंही. कचेरीत कुणी तिला उस्ताद म्हणत नव्हतं. बस चुकली की लोक तिच्या नावानं बोटं मोडत, आणि बस वेळेवर आली की कुणाला तिची आठवणही होत नसे. पण आता इतर टोळ्यांची माणसं येऊन तिच्या लोहारणीशेजारी गुपचूप उभी राहत, ती काय करते ते बघत. ती खाकरली तरी कुणीतरी लिहून घेत असणार असं तिला वाटे. आणि तिला स्वतःला काहीच ठाऊक नव्हतं.

वेळापत्रकाच्या माणसाला हे सोसत नाही. बस उशिरा आली तर तिला कारण असतं. कुठेतरी तार सुटलेली असते, रस्ता खणलेला असतो, ड्रायव्हर कॉफी प्यायला थांबलेला असतो. कारण सापडलं नाही याचा अर्थ आपण नीट शोधलं नाही, असंच तिनं आयुष्यभर धरलेलं. म्हणून तिनं शोधायला घेतलं. चंद्र तपासला, दिशा तपासली, विहिरी बदलून पाहिल्या. बहिणीला मुद्दाम फोन करून भांडण उकरून काढायचाही प्रयत्न केला. पण बहीण नेमकी त्या दिवशी गोड बोलत होती, आणि पातं तडकलं.

दुसरं निळं पातं झालं ते सप्टेंबरात.

सप्टेंबरात रुसेच्या अंगणा-अंगणातून भाजलेल्या मिरच्यांचा वास उठतो. स्तानिमिराच्या तळमजल्यावरच्या खिडकीला लागूनच शेजारच्या मिन्कोकाकांचं चुश्कोपेक मांडलेलं असे. मिरच्या भाजायचं ते विजेचं डबडं, आत उभी भोकं आणि वर झाकण. काका बंदरावर क्रेन चालवून निवृत्त झालेले, विधुर, आणि थंडीसाठीच्या बरण्या भरण्याच्या बाबतीत अतिशय तापट. त्यांच्या घरचं वायरिंग जुनं, त्याला ते डबडं झेपत नसे, म्हणून दरवर्षी ते स्तानिमिराच्या स्वयंपाकघरातून तार ओढून घेत. डबडं लावलं की तिच्या घरचा दिवा मिणमिणे, इंटरनेटची पेटी डोळे मिचकावे.

त्या रविवारी दुपारी ती लोखंड तापवत होती. बाहेर काकांनी डबडं लावलं. दिवा मंद झाला, स्क्रीनवरचं चित्र गोठलं, ती "काका!" म्हणून ओरडणार एवढ्यात चित्र पुन्हा हललं. पातं तिनं न सोडताच पाण्यात पडलं होतं. निळं होऊन वर आलं.

ती उठली. खिडकी उघडली.

"काका, आत्ता काय केलंत?"

"मिरच्या भाजतोय. काय करणार? लग्न लावतोय?"

"तार कधी लावलीत? आत्ताच ना?"

"मिरे," स्तानिमिराचं त्यांनी मिरा केलं होतं, "तुला वीज कमी पडत असेल तर सांग, मी दुसरीकडून घेतो."

"नको, नको! लावूनच ठेवा!"

संध्याकाळी तिनं टोळीला आपलं म्हणणं सांगितलं. आपण बटण सोडतो तो क्षण आणि तिकडे खेळाच्या यंत्राला तो कळतो तो क्षण, हे दोन वेगळे असतात. मधे तार आहे. तार अडखळली की मधे एक फट पडते. त्या फटीत पडलेलं पातं निळं होतं. बोलता बोलता तिचं तिलाच इतकं पटत गेलं की आवाज चढला. शेवटी ती म्हणाली, "थोडक्यात, मिरच्या."

"मिरच्या!" गेन्चो भारावून म्हणाला.

"मिरच्या?" दुसरा एक आवाज आला. तो नेव्यानाचा होता.

नेव्याना वार्नाची, टोळीतली धनुर्धर. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. पोत्यातून मूठभर दाणे घ्यायचे, ओल्या कागदावर मांडायचे आणि किती उगवतात ते मोजायचं. "बाई गं," ती म्हणाली, "मी रोज दाणे मोजते. दोन दाणे शेजारी शेजारी उगवले म्हणून मी त्यांच्यामधे दोर बांधत नाही. तुझं पातं निळं झालं कारण कधीतरी कुणाचं तरी होणारच होतं. फासे आहेत ते. नुसते फासे."

"दोनदा माझंच?"

"कुणाचं तरी दोनदा होणारच ना!"

"मग तुझं का नाही झालं?"

"कारण माझं नाही झालं!"

हे उत्तर स्तानिमिराला उत्तरच वाटलं नाही. टोळीचे दोन तट पडले. मिरचीवाले आणि फासेवाले. मिरचीवाल्यांत प्लोवदिवचा एक भाऊ इतका पेटला की त्यानं आईचा हेअर ड्रायर, इस्त्री आणि पाण्याचा बंब एकदम लावला आणि पूर्ण जिना अंधारात घातला.

हे सगळं गमतीवारी गेलं असतं. पण ऑक्टोबरच्या अखेरीला, दिमित्रोवदेनच्या सणाच्या सुमारास, खेळात उत्तरेचा दरवाजा उघडणार होता. तो वर्षातून एकदाच उघडे, आणि ज्या टोळीत तिघांच्या हातात निळी पाती असतील तिलाच आत सोडत. गेन्चोची टोळी आजवर कधी आत गेली नव्हती. आता दोन पाती होती. एक हवं होतं.

"उस्ताद, तुझ्यावर आहे," गेन्चो म्हणाला. "मी सगळ्यांना सांगून ठेवलंय."

"काय सांगून ठेवलंयस?"

"की तुला येतं."

मग रुसेच्या त्या अंगणात मिरच्या भाजण्याचं जे सत्र सुरू झालं तसं बंदराच्या कामगारांनीही कधी पाहिलं नव्हतं. स्तानिमिरा बाजारातून लाल मिरच्या पोत्यानं आणू लागली. काका आधी खूश झाले. मग त्यांच्या लक्षात आलं की ही पोर सांगते तेव्हाच डबडं लावायचं, ती म्हणेल तेव्हाच काढायचं.

"आत्ता!" खिडकीतून ती ओरडे.

"अजून पहिल्या भाजल्या नाहीत!"

"काका, लावा!"

"हे बघ मिरे, मिरची कधी भाजायची हे तू मला शिकवू नकोस. मिरचीला एक घडी असते. तुझ्या घडीनं भाजली तर एकीकडे कच्ची, एकीकडे कोळसा."

आणि पाती तडकत राहिली. दिवा मिणमिणला की तडकलं, नाही मिणमिणला की साधं. कधी चित्र गोठायचं आणि ती स्क्रीनला नाक लावायची; वर यायचं ते नुसतं बरं. तिला कळेना. फट तीच, तार तीच, मिरच्याही त्याच अंगणात भाजलेल्या. मग तिला वाटायला लागलं की फट पुरेशी नाही, फटीची जातही हवी. मग वाटलं दिवस रविवारच हवा. एका रात्री तर मिरच्या कपिया जातीच्या होत्या की कुर्तोव्स्काच्या, याचाही विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि ती स्वतःलाच घाबरली.

दिमित्रोवदेनच्या आधीच्या शनिवारी नेव्याना वार्नाहून रेल्वेनं आली. स्तानिमिरानंच बोलावलं होतं, रागानं. "लांबून बडबड करू नकोस, इथे येऊन बघ." स्टेशनवर ती उतरली तेव्हा स्तानिमिराला धक्काच बसला. आवाजावरून तिनं एक किडकिडीत, चष्म्याची बाई मनात धरली होती. ही उंच, रुंद खांद्यांची, हातात वाळवलेल्या मासळीचं पुडकं घेतलेली, फलाटभर हसणारी.

"तू उस्ताद?"

"तू फासे?"

दोघी घरी आल्या. नेव्यानानं कोट काढायच्या आधी नियम घातले. डबडं लावून एकदा, न लावता एकदा, असं आपल्या मनानं करायचं नाही. नाणं उडवायचं. छापा पडला तर लावायचं, काटा पडला तर नाही. आणि स्तानिमिरानं दिव्याकडे बघायचं नाही.

"का नाही बघायचं?"

"कारण तू दिवा मंद दिसला की वेगळ्या हातानं सोडतेस. मी तुला ओळखते."

"तू मला आत्ताच भेटलीस!"

"सहा महिने ऐकतेय तुला."

काकांना खिडकीखाली खुर्ची दिली. नेव्याना नाणं उडवून त्यांना खूण करे, ते तार लावत किंवा काढत. दुपार सरत गेली. तडकलेलं, साधं, साधं, तडकलेलं. अंगणात धूर, घरात मासळीचा वास, स्तानिमिराचं मनगट दुखायला लागलं. शेवटी ती उठली आणि म्हणाली, "तूच बस. माझ्या नशिबानं होत असेल तर तुझ्या हातून होणार नाही. तेवढं तरी कळेल."

नेव्याना बसली. तिनं लोखंड टाकलं, बटण दाबलं. पट्टी चढू लागली. तेवढ्यात काकांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"बाई, एक विचारू? तुम्ही वार्नाकडे ल्युतेनित्साच्या चटणीत वांगं घालता म्हणतात. खरं का?"

नेव्यानानं मान वळवली. "घालतो म्हणजे? वांग्याशिवाय चटणी कसली? नुसतं टोमॅटोचं पाणी!"

"वांगं!" काका गरजले. "अरे देवा, वांगं! मग कांदाही घाला! साखर घाला!"

"साखर घालतोच आम्ही, चिमूटभर..."

"बाहेर काढ हिला, मिरे!"

"तुमच्या बरणीला बुरशी धरते ती का धरते, माहितीय का काका तुम्हाला..."

आणि तिचं बोट सुटलं.

पातं पाण्यात पडलं. वाफ वर आली. तिघांनीही स्क्रीनकडे पाहिलं. निळं.

स्तानिमिरानं हळूच विचारलं, "काका, डबडं लावलेलं होतं?"

"नाही. काढलेलं. मी इथे बोलत नव्हतो का?"

"लावलेलं होतं. दिवा मंद झाला. मी बघितला."

"तुला बघायचं नाही असं ठरलं होतं," नेव्याना म्हणाली.

"मी आता बसले नव्हते, मग मला बघायला काय हरकत? तू सांग. शेवटचं नाणं काय पडलं होतं?"

नेव्यानानं नाण्याकडे पाहिलं. ते टेबलावर पडलं होतं, पण ते उडवून पडलं होतं की तिनं नुसतं ठेवलं होतं, तिला आठवेना. "छापा," ती म्हणाली. "मला वाटतं. का काटा?"

काका बाहेर जाऊन बघून आले. तार अर्धवट लटकत होती. ती त्यांनी काढली होती की त्यांच्या पायात अडकून आत्ता निघाली, हे त्यांनाही सांगता येईना. आधी ठाम होते, मग म्हणाले, "काढली असेन. माणूस वांग्याचं ऐकल्यावर काय करतो त्याला धरबंध असतो का?"

स्तानिमिरा खुर्चीत बसली. भांडण, तिला वाटलं. पहिल्या वेळी बहिणीशी भांडण, आत्ता वांग्यावरून भांडण. पण दुसऱ्या वेळी? ती काकांवर ओरडणारच होती. ओरडली होती का? ओठांपर्यंत आलेलं ओरडणं भांडणात धरायचं का? ती जितकं आठवू लागली तितकं ते निसटू लागलं. शेवटी शेवटी तर काका त्या दिवशी मिरच्या भाजत होते की टोमॅटो शिजवत होते, इथपर्यंत शंका आली.

"फासे," नेव्याना म्हणाली. पण ती तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, गेन्चोनं एक गोष्ट जमवून आणली. खेळ बनवणारी कंपनी सर्बियातली, नोवी सादची, पाच-सहा माणसांची. गेन्चो त्यांच्यामागे महिनाभर लागला होता. शेवटी वुकाशिन नावाचा त्यांचा एक माणूस व्हिडिओवर पाच मिनिटं बोलायला तयार झाला, बहुधा गेन्चोपासून सुटका व्हावी म्हणून. तो आला तेव्हा त्याच्या हातात कॉफीचा कप होता आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. तो सर्बियन बोलणार, ह्या बल्गेरियन बोलणार. एकमेकांचं अर्धं कळतं, आणि उरलेलं अर्धं कळल्यासारखं वाटतं.

स्तानिमिरानं वेळ घालवला नाही. "एकच विचारते. निळं पातं हा नुसता नशिबाचा खेळ आहे का?"

वुकाशिननं मान खालीवर हलवली.

"बघ!" स्तानिमिरा ओरडली. "नाही म्हणाला! नशीब नाही!"

"अगं, तो सर्ब आहे!" नेव्याना ओरडली. "त्यांच्याकडे मान खालीवर म्हणजे हो! आपल्याकडे नाही, त्यांच्याकडे हो! मी दोन उन्हाळे त्यांच्या निश शहरात काढलेत!"

"मग तो हो म्हणाला?"

"हो म्हणाला."

वुकाशिन दोघींकडे बघत होता. आता त्यानं मान आडवी हलवली.

"आता?"

"आता... थांब. आता नाही म्हणाला. किंवा आपल्यासाठी म्हणून आपल्यासारखं हो म्हणाला."

"महाशय," स्तानिमिरा म्हणाली, "मान हलवू नका. तोंडानं बोला."

वुकाशिननं कप खाली ठेवला. "मी मान हलवली ती प्रश्न कळला म्हणून," तो म्हणाला, हळूहळू, एकेक शब्द. "मग हलवली ती उत्तर नाही म्हणून. आम्हाला माहीत नाही."

"कुणाला माहीत नाही?"

"आम्हाला. कंपनीला. ती भट्टी ज्यानं लिहिली तो केव्हाच सोडून गेला. आता तो फ्रुश्का गोराच्या डोंगरात मधमाश्या पाळतो. आम्ही त्याला विचारलं. तो म्हणाला, मला वाटतं मी त्यात वाऱ्याचं काहीतरी घातलं होतं, पण नंतर काढलं असेन."

"मग उघडून बघा ना!" नेव्याना म्हणाली.

"एकदा बघितलं. एक ओळ हलवली तर खेळातल्या सगळ्या शेळ्या जमिनीखाली गेल्या. चार दिवस नुसतं बें बें ऐकू येत होतं, शेळी दिसत नव्हती. तेव्हापासून तिकडे कुणी हात लावत नाही."

वुकाशिन मान पुढे करून, जरा खाजगीत बोलावं तसं म्हणाला, "आमच्या ऑफिसात म्हणतात, लोहाराच्या पायांत जोडे नसावेत."

"तुम्ही मानता?" नेव्यानानं विचारलं.

"मी नाही मानत," वुकाशिन म्हणाला. "पण काढतो." मग थोडं थांबून, "ते मिरच्यांचं खरं आहे का?"

त्या दिवशी नेव्यानाला स्टेशनवर सोडून येताना स्तानिमिरा नदीकडच्या रस्त्यानं आली. पलीकडे रोमानियाचा किनारा धुक्यात होता. तिला राग यायला हवा होता, पण आतून भलतंच काही झालं होतं. जणू कुणीतरी तिच्या खांद्यावरचं ओझं काढून हातात दिलं आणि आता ते कुठे ठेवायचं ते कळत नव्हतं. कुणालाच माहीत नाही. ज्यानं केलं त्यालाही नाही. ती मोठ्यानं हसली, आणि बाकावर बसलेल्या एका आजोबांनी टोपी नीट केली.

दिमित्रोवदेनला टोळी उत्तरेच्या दरवाजापुढे जमली. तिसरं पातं नेव्यानाच्या हातात होतं. आत जाण्याआधी स्तानिमिरा म्हणाली, "मला सगळ्यांना काहीतरी सांगायचंय. मला काही येत नाही. कधीच येत नव्हतं. निळं कशानं होतं ते मला माहीत नाही."

गेन्चो आदरानं म्हणाला, "कळलं, उस्ताद."

"काय कळलं?"

"इथे सगळ्यांपुढे नको बोलायला. कान असतात लोकांचे."

"गेन्चो, मी खरं सांगतेय!"

"हो हो. आम्हाला काहीच माहीत नाही. उस्तादलाही माहीत नाही," तो म्हणाला आणि सगळी टोळी समजूतदारपणे खोकली. नेव्याना साक्ष द्यायला पुढे झाली, पण जिच्या हातात निळं पातं तिनं तोंड उघडलं की कुणाला पटणार? दरवाजा उघडला. आत बर्फ होतं, मोठं पांढरं पठार, आणि एक अस्वलासारखं काहीतरी होतं, त्यानं सगळ्यांना झटक्यात मारून बाहेर फेकलं. तरी गेन्चो सबंध आठवडा त्या पठाराबद्दल बोलत राहिला; आम्ही पाहिलं, आम्ही आत गेलो, असं.

आठवड्यानं कचेरीत साहेबांनी विचारलं की नऊ नंबरची बस मंगळवारीच का उशिरा येते. स्तानिमिरानं नेहमीसारखं तोंड उघडलं. तार, रस्ता, ड्रायव्हर, यातलं काहीतरी सांगायला. आणि तिच्या तोंडून निघालं, "माहीत नाही, साहेब. शोधतेय." साहेब तिच्याकडे बघतच राहिले. तिला वाटलं आता ओरडतील. पण ते म्हणाले, "मलाही कळत नाही हो," आणि खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसले.

जानेवारीत कंपनीनं जुनी भट्टी काढून टाकली. वुकाशिननं म्हणे दोन महिने बसून नवी लिहिली, साधी, सरळ. शेळ्या जागच्या जागी राहिल्या. आता लोखंड टाकलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात आकडा येई: निळं होण्याची शक्यता, शंभरात चार. कुणाला चंद्र बघायची गरज नाही, उड्या मारायची नाही. टोळीत दोन दिवस आनंद झाला. मग भट्टीपुढची गर्दी ओसरली. माणसं येत, आकडा बघत, बटण दाबत, निघून जात. स्तानिमिराशेजारी येऊन उभं राहणारं कुणी उरलं नाही. तीही सवयीनं बटण दाबत राही. पातं तडके. साधं येई. आकडा तसाच.

फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी नेव्यानाचा फोन आला. आधी हवामानावर बोलली, मग मासळीवर, मग घुटमळली.

"बोल ना," स्तानिमिरा म्हणाली.

"काही नाही. तो आकडा."

"काय त्याचं?"

"मी मोजून बघितलं. शंभरात चार म्हणतो. माझी तेवढी होत नाहीत. आणि गेन्चोची जास्त होतात." ती थोडी थांबली. "हे नशीबही असू शकतं. मला माहितीय. रोज दाणे मोजते मी. पण... तुला पटतो का तो आकडा?"

स्तानिमिरानं लॅपटॉप जवळ ओढला आणि खुर्ची टेबलाशी सरकवली.

"थांब," ती म्हणाली. "आधी मला एक सांग. तुझ्याकडे तो आकडा कुठल्या रंगात दिसतो?"